आबांची गोळी आणि सर्पगंधा

मागच्या दिवाळीत रिसोडला घरी गेलो, तर आबांच्या बीपीच्या गोळ्यांचं पाकीट जसंच्या तसं. विचारलं तर म्हणाले, "मले काईच होत नाई, मंग गोया कायले खाऊ?" मला उत्तर देता आलं नाही. म्हणून आजचा एपिसोड.

१२ एप्रिल १९४५. अमेरिकेचे अध्यक्ष रूझवेल्ट मेंदूतल्या रक्तस्रावाने गेले. बीपी प्रचंड होता, पण तेव्हा डॉक्टरांकडे धड औषधच नव्हतं.

आता आबांचा प्रश्न. १९४८ मध्ये अमेरिकेत सीमूर केटी यांच्या टीमने हाय बीपीच्या पेशंटना नायट्रस ऑक्साइड हुंगवून मेंदूतला रक्तप्रवाह मोजला. तो निघाला जवळपास नॉर्मल! कारण दाब वाढला की मेंदूच्या बारीक रक्तवाहिन्या आकसतात आणि प्रवाह सांभाळतात. म्हणून "काईच होत नाई". पण वर्षानुवर्षं हा ताण झेलून त्या जाड, कडक होतात. मग एक दिवस फुटतात किंवा तुंबतात. तोच लकवा.

पुढची गोष्ट आपल्या मुंबईची. सर्पगंधेची मुळी आपल्याकडे वेड आणि निद्रानाशावर पूर्वीपासून देत. ती बीपी उतरवते, हे कलकत्त्याच्या सेन आणि बोस यांनी १९३१ मध्येच लिहिलं होतं. जगाने लक्ष दिलं नाही. केईएमच्या डॉ. रुस्तम जाल वकील यांनी ५० पेशंटवरचे निष्कर्ष १९४९ मध्ये 'ब्रिटिश हार्ट जर्नल'मध्ये छापले, आणि जग जागं झालं. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडच्या सिबा कंपनीने मुळीतून रेसरपिन वेगळं काढलं. १९५७ मध्ये वकिलांना लास्कर पुरस्कार मिळाला.

रेसरपिन मज्जातंतूंच्या टोकांतला नॉरअॅड्रेनालिनचा साठा रिकामा करतं, त्यामुळे रक्तवाहिन्या सैलावतात. पण मेंदूतली रसायनंही घटतात; काही पेशंट उदास व्हायचे. म्हणून आज ते मागे पडलंय, नवी औषधं आलीत.

एक इशारा. जुन्या बीपीवाल्याचा मेंदू जास्त दाबाला सरावलेला असतो. राहिलेल्या गोळ्या एकदम घेतल्या आणि दाब धाडकन पडला, तर मेंदूला रक्तच कमी पडतं. औषध रोज, ठरल्याइतकं, डॉक्टरांना विचारूनच.

हे सगळं आबांना फोनवर सांगितलं. थोडं थांबून म्हणाले, "म्हंजे काई होत नाई, तवाच घ्या लागते?"

हो आबा, तेव्हाच.

तुमच्याही घरातलं पाकीट आज एकदा उघडून बघा.