आव्यातली पिल्ले

गेल्या वर्षी नवरात्र संपता संपता आमच्या जिन्याखाली मांजराचे एक पिल्लू सापडले. पाच-सहा आठवड्यांचे असेल. आई दोन दिवस फिरकली नाही, तेव्हा तिसऱ्या दिवशी ते घरात आले. मी वाटीभर दूध ठेवले. ते त्याने चाटूनपुसून संपवले आणि रात्रभर हगवणीने हैराण झाले. सकाळी जनावरांच्या डॉक्टरांनी सांगितले की, आईचे दूध सुटत आलेल्या पिल्लाला गायी-म्हशीचे दूध पचेलच असे नाही. आयुष्यभर ऐकलेली मांजर-दुधाची जोडी अशी पहिल्याच दिवशी मोडली.

पुढच्या महिन्यात त्याने माझ्या टिपणांच्या चिठ्ठ्या पलंगाखाली नेल्या, पडद्याचे दोरे उपसले, पहाटे चार वाजता माझ्या पायाच्या अंगठ्याची शिकार केली आणि दुपारी त्याच पायावर झोप काढली. फटाके सुरू झाले तेव्हा ते कपाटामागे शिरले. मी ताट घेऊन तिथेच जमिनीवर जेवलो. तेव्हा एक गोष्ट ध्यानात आली. लहानपणी आमच्या घरात मांजर नाही असे एकही वर्ष गेले नाही. तरी मांजराचे पिल्लू मी ‘वाढवले’ असे कधी घडलेच नव्हते. मांजर असे, पण ते पाळलेले नसे. हा फरक कुठून आला, याचा शोध घेताना जे हाती लागले ते इथे मांडतो. शेवटी स्वतःविषयीही थोडे सांगावे लागेल.

माणसाजवळच्या मांजराचा सर्वांत जुना ठळक पुरावा सायप्रस बेटावरचा आहे. तिथे शिलुरोकाम्बोस या नवाश्मयुगीन वस्तीत सुमारे ९५०० वर्षांपूर्वीचे एक दफन सापडले. माणसापासून हातभर अंतरावर मांजराचा अखंड सांगाडा होता. ते मांजर जेमतेम आठ महिन्यांचे होते. सायप्रसला मूळची रानमांजरे नव्हती, म्हणजे कोणीतरी त्यांना नावेत घालून समुद्रापलीकडून आणले. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासानेही जगभरच्या घरमांजरांचा पूर्वज पश्चिम आशियातल्या रानमांजरात असल्याचे दाखवले. कारण सरळ आहे. माणूस धान्य साठवू लागला, धान्यामागे उंदीर आले, उंदरांमागे मांजर आले. कुत्र्याला किंवा गायीला माणसाने कामाला लावले. मांजराने आपले काम स्वतः शोधले.

इजिप्तमधल्या दोन गोष्टी मला शेजारी शेजारी ठेवाव्याशा वाटतात. हिराकोन्पोलिस येथे ख्रिस्तपूर्व ३७०० च्या सुमाराच्या एका खड्ड्यात एक बोका, एक भाटी आणि दोन वेगवेगळ्या वेतांची चार पिल्ले एकत्र पुरलेली आढळली. दुसरी गोष्ट त्यानंतर सुमारे अडीच हजार वर्षांची. देइर अल-मदिना या कारागिरांच्या गावात इपुय नावाच्या शिल्पकाराची कबर आहे. दुसऱ्या रामसेसच्या काळातल्या या कबरीच्या भिंतीवर इपुय आणि त्याची पत्नी बसलेली आहेत. पत्नीच्या आसनाखाली मोठी मांजर आहे आणि इपुयच्या मांडीवर एक पिल्लू त्याच्या बाहीशी पंज्याने खेळते आहे. देवतेच्या मूर्ती इजिप्तमध्ये पुष्कळ. पण बाही ओढणारे पिल्लू काढायला चित्रकाराने ते पाहिलेले असावे लागते. एकीकडे सामुदायिक दफन, दुसरीकडे मांडी. मांजराच्या पिल्लाचा पुढचा सगळा इतिहास या दोन टोकांमध्ये हेलकावे खातो.

आपल्याकडे सिंधमधल्या चन्हुदडो येथे मिळालेल्या हडप्पाकालीन विटेवर मांजराच्या आणि त्यामागे कुत्र्याच्या पावलांचे ठसे आहेत. ओली वीट वाळत पडली होती आणि पाठलाग तिच्यावरून गेला. ते मांजर घरचे होते की रानचे, हे वीट सांगत नाही. संस्कृत वाङ्मयात मात्र मांजर आले ते बहुधा दुर्लौकिक घेऊनच. व्याकरणकारांनी जन्मजात वैराचे उदाहरण म्हणून ‘मार्जारमूषकम्’ हा समास दिला. मनुस्मृतीने ढोंगी माणसाला ‘बैडालव्रतिक’ ठरवले. महाभारताच्या उद्योगपर्वात तपस्वी मांजराची गोष्ट दुर्योधन पांडवांना टोमणा म्हणून ऐकवतो. सातव्या शतकातल्या महाबलिपुरमच्या प्रचंड शिल्पपटात हात वर करून तप करणारे मांजर आणि त्याच्यापाशी उंदीर आजही दिसतात.

या सगळ्यात मोठे मांजर आहे, पिल्लू नाही. पिल्लू येते ते भक्तीच्या प्रांतात. तमिळ श्रीवैष्णवांमध्ये शरणागतीवरून दोन पक्ष पडले. वडगलै पक्षाचा दृष्टान्त माकडाच्या पिल्लाचा: ते आईला स्वतः घट्ट धरते. तेंगलै पक्षाचा दृष्टान्त मांजराच्या पिल्लाचा: ते काहीच करत नाही, आई त्याला तोंडात धरून नेते. ‘मार्जारकिशोरन्याय’ तो हाच. माझ्या पिल्लाची मानेमागची कातडी हलकेच चिमटीत धरली की ते पाय पोटाशी घेऊन निपचित होते. या वादातल्या कोणीतरी मांजरीला पिल्ले हलवताना नीट पाहिले असणार. मराठीतही म्हण आहे की मांजरीचे दात तिच्या पिल्लांना लागत नाहीत.

मराठीत याहून मोठी गोष्ट महिपतीने सांगितली. १७६२ सालच्या ‘भक्तविजया’त पंढरपूरच्या राका कुंभाराची कथा आहे. मांजरीने कच्च्या मडक्यात पिल्ले घातली होती. राकाने मडकी आव्यात रचली आणि आग लावली. मांजर आव्याभोवती ओरडत फिरू लागली, तेव्हा त्याला उमगले. आग विझवता येत नव्हती. त्याने विठ्ठलाचा धावा केला आणि पिल्ले वाचली तर संसार सोडीन असे बोलून बसला. आवा उघडला तेव्हा बाकीची मडकी भाजली होती, पिल्लांचे मडके कच्चेच होते आणि पिल्ले जिवंत. राकाने घर लुटवले आणि बायको-मुलीसह तो रानात गेला. असाच प्रसंग गुजरात-राजस्थानात प्रल्हादाच्या कथेत येतो. तिथे कुंभारणीच्या आव्यातली पिल्ले वाचलेली पाहून प्रल्हादाची हरिनामावर श्रद्धा बसते. म्हणजे ही कल्पना दूरवर फिरलेली आहे. पण महिपतीच्या कथेत वेगळेपण आहे. इथे चमत्काराने कथा संपत नाही. पिल्ले वाचल्यावरही राका आपला शब्द पाळतो. चूक न कळत झाली होती आणि निस्तरलीही गेली होती, तरी तिची किंमत तो मोजतो.

कथेच्या बाहेरच्या घरात मांजर कसे होते, हे जुन्या वस्तूंवरून कळते. दुधा-तुपासाठी छताला टांगलेले शिंके, धान्याच्या कणग्या आणि बळदे, पुढे जाळीचे फडताळ, श्राद्धाच्या दिवशी मांजरावर पालथी घातलेली टोपली: सारी व्यवस्था उंदीर आणि मांजर या दोघांनाही गृहीत धरून होती. शिंके तुटले तर बोक्याचे फावते, हे म्हणीपुरते नव्हते. मांजराचा पगार म्हणजे उष्टा दूधभात, बाकीचे त्याने मिळवायचे. पोटभर दिले तर ते उंदीर मारणार नाही, अशी समजूत. मांजरीण माळ्यावर विते, पिल्लांना सात घरे फिरवते, त्यांतली जगतील ती जगतील. पिल्लाची काळजी ही मांजरीची बाब होती, घराची नव्हती.

या नोकराची किंमत सरकारदरबारी एकदाच लागली, ती प्लेगात. सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगस या गोमंतकीय डॉक्टरांनी प्लेग ओळखला. रोग पसरतो कसा, हे तेव्हा ठाऊक नव्हते. घरे धुतली, जाळली, माणसांना बाहेर काढले. पुण्यात त्या जाचाची परिणती २२ जून १८९७ च्या रँडवरील हल्ल्यात झाली. पुढच्या वर्षी कराचीत पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टराने उंदराकडून उंदराकडे रोग नेणारी पिसू प्रयोगाने दाखवली. त्या प्रयोगात पिसवा पुरेशा असाव्यात म्हणून त्याने हॉटेलजवळच्या एका मांजराच्या अंगावरच्या काही पिसवा उसन्या घेतल्या होत्या. वैद्यकाच्या इतिहासात मांजराचा हा वाटा फारसा कोणी सांगत नाही.

त्यानंतर दहा वर्षांनी, १९०८ साली, अमरावतीच्या लेफ्टनंट कर्नल बुकॅनन या सरकारी डॉक्टराने ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये मांजर हे प्लेगनिवारक आहे असे प्रतिपादन केले. गावोगावची मांजरे मोजून, जिथे मांजरे पुष्कळ तिथे प्लेग कमी, असा त्याचा निष्कर्ष होता. प्रसिद्ध जंतुशास्त्रज्ञ रॉबर्ट कॉख यांनीही मांजरांच्या बाजूने मत दिले होते. आज हा निष्कर्ष जसाच्या तसा मान्य होणार नाही. उंदीर खाऊन मांजरालाच प्लेग होतो आणि ते तो माणसाला देऊ शकते, हे नंतर स्पष्ट झाले. तरी वऱ्हाडातल्या खेड्यांत मांजरांची शिरगणती झाली, ही घटना लहान नाही. ज्यांच्या जन्म-मृत्यूची नोंद कोणी ठेवत नव्हते, ते प्राणी काही काळ आकड्यांत आले. अर्थात मोजली गेली ती उपयोगाची मांजरे.

उपयोग संपल्यावर मांजर घरात कसे उरले? याचे उत्तर तीन साध्या गोष्टींत आहे. पहिली माती. १९४७ साली अमेरिकेच्या मिशिगन राज्यात एडवर्ड लो याने शेजारणीला मांजरासाठी राख-वाळूऐवजी ओल शोषणारी वाळलेली माती दिली. त्यातून एक धंदा उभा राहिला आणि मांजराला अंगणाची गरज उरली नाही. दुसरी गोष्ट नसबंदीची शस्त्रक्रिया सर्रास होऊ लागणे, तिसरी लस. या तिन्हींमुळे तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत मांजर जन्म काढू शकते. याच काळात शास्त्रज्ञ पिल्लांकडे पाहू लागले. फिलाडेल्फियाच्या टेंपल विद्यापीठात आयलीन कार्श यांनी दाखवून दिले की, साधारण दुसऱ्या ते सातव्या आठवड्यात माणसाने हाताळलेले पिल्लू पुढे माणसाळते. तो काळ हुकला तर ते काम अवघड होते. माझे पिल्लू जिन्याखाली सापडले तेव्हा त्याच्याजवळ एखादा आठवडा उरला असावा. कपाटामागे जमिनीवर बसून जेवलो, ते अजाणता योग्य ठरले. अंगठ्याची शिकारही खोडी नव्हती. दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात पिल्लांचा खेळ ऐन भरात असतो. भावंडे नसतील तर भावंडाची जागा आपल्या पायाला घ्यावी लागते.

आता ते स्वतःविषयीचे. आमच्या घरची मांजर वर्षातून दोनदा वीत असे. पिल्ले डोळे उघडून माळ्यावरून खाली डोकावू लागली की आम्हा मुलांचे दोन-तीन आठवडे आनंदात जात: सुतळीला कागद बांधून पळायचे आणि चार शेपट्या मागून धावत यायच्या. मग एके दिवशी आजी एक पिल्लू ठेवून बाकीची गोणपाटाच्या पिशवीत घालून देई. ‘पुलापलीकडे सोडून ये. तिकडे बाजार आहे, जगतील.’ मी ती पिशवी तीनदा नेली. तिसऱ्या वेळी मी नऊ वर्षांचा होतो. पिशवीत ओरडणे चालू होते, पुलावर ते थांबले. बाजारामागे पिशवी उघडून मी मागे न बघता पळालो. संध्याकाळी मांजर घरभर हाक मारत फिरली. आजी तिला म्हणाली, ‘गप गं बाई,’ आणि त्या दिवशी तिच्या बशीत सायीचा भात घातला. आजी क्रूर नव्हती. दोन बाळंतपणांत तिनेही मुले गमावली होती. सगळी पिल्ले ठेवता येतील असे घर तिने पाहिलेच नव्हते आणि त्यावर इलाज आहे हे तिला कोणी सांगितले नव्हते.

मांजराच्या इतिहासात हे प्रकरण कुठेच येत नाही. कबरीत चित्र आहे, पोथीत चमत्कार आहे, वैद्यकाच्या नियतकालिकात गणना आहे. पिशवीची नोंद नाही. ती नेणारी मुले मात्र गावोगाव होती आणि आज साठीच्या पुढे असलेल्या कोणालाही विचारले तर ती आठवण निघते. मी विचारत गेलो. बहुतेक जण आधी हसले, मग थोडे थांबले, मग पूल, ओढा, देऊळ, बाजार असे ठिकाण अचूक सांगितले. पन्नास वर्षांनंतरही ठिकाण कोणी विसरले नव्हते. राका कुंभाराची कथा अडीचशे वर्षे ऐकली गेली, तिचे एक कारण मला इथे दिसते. ऐकणाऱ्यांपैकी अनेकांच्या मागे एखादी मांजर ओरडत फिरलेली होती.

डिसेंबरात पिल्लाच्या लसी पूर्ण झाल्या. संक्रांतीनंतर शस्त्रक्रिया झाली, तेव्हा ते भाटी असल्याने आता तिला पिल्ले होणार नाहीत, असे डॉक्टरांनी नीट समजावून सांगितले. मी सही केली. त्या सहीने एक जन्मसाखळी थांबली, हेही खरे. वेताची पिल्ले पिशवीत जाणार नाहीत. पण माळ्यावरून डोकावणार नाहीत, सुतळीमागेही धावणार नाहीत. आजीच्या आणि माझ्या मार्गांत निवड करायची तर मी माझाच मार्ग निवडीन. मात्र त्याला काही किंमत नाही असे म्हणणार नाही.

हा लेख लिहीत असताना ती टेबलावर चढली आहे. राकाच्या टिपणाच्या चिठ्ठीवर बसली असून उठायला तयार नाही. ती उठेपर्यंत थांबतो.