पक्ष्यांवरील उवा
पक्ष्यांच्या पिसांत व त्वचेवर राहणारे बिनपंखी परजीवी कीटक. जगात त्यांच्या सुमारे ४,००० जाती नोंदलेल्या आहेत. अंड्यापासून मरणापर्यंतचे सारे आयुष्य पक्ष्याच्या अंगावरच जाते. लिखा पिसांना घट्ट चिकटवलेल्या असतात. बहुतेक जाती पिसे कुरतडून खातात, काही रक्तही पितात.

नाशिकच्या सातपूर भागातील कारखान्यांच्या पत्र्यांखाली घुमणाऱ्या पारव्यासारख्या ओळखीच्या पक्ष्यावरही उवांची ठरलेली वाटणी असते. ‘कॉलंबिकोला’ ही सडपातळ ऊ पंखांच्या पिसांतील खाचांत आडवी दडते, त्यामुळे चोचीला सापडत नाही. जाडसर ‘कॅम्पॅन्युलोट्स’ पोटाच्या मऊ पिसांत शिरते. कॉलंबिकोला तर पारव्यावरील रक्तपिपासू माशीच्या पायांना धरून दुसऱ्या पारव्यावर जाते.

उवांच्या सर्वेक्षणासाठी पक्षी जाळ्यात धरून पिसांत पायरेथ्रमची भुकटी चोळतात आणि पांढऱ्या कागदावर पिसे फुलवून झाडतात. पडलेल्या उवा अल्कोहोलमध्ये ठेवतात. ओळख पटते ती सूक्ष्मदर्शकाखाली. संग्रहालयांतील जुन्या पक्षीचर्मांतही वाळलेल्या उवा मिळतात. निफाड तालुक्यातील नांदूर मध्यमेश्वर या रामसर पाणथळीवर हिवाळ्यात बदके येतात, ती आपल्या उवांसह. मात्र वन्य पक्षी धरण्यास वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ नुसार परवानगी लागते.

यजमान संपला की ऊही संपते. कॅलिफोर्नियातील काँडोर गिधाडे वाचवताना त्यांच्या अंगावरील परजीवी मारले गेले आणि फक्त त्यांच्यावरच राहणारी ‘कॉल्पोसेफॅलम कॅलिफोर्निसी’ ही ऊ नामशेष झाली.