जांभा, कौल आणि कंदील

पुण्याहून साताऱ्याकडे निघालं की हायवेला एक गंमत दिसते. समुद्र कुठल्या कुठे, मधे सह्याद्रीची अख्खी भिंत, आणि इकडे मात्र 'अस्सल मालवणी' हॉटेलांच्या पाट्या. कराड, सांगलीपर्यंत तेच. आतलं इंटिरियरही ठरलेलं: भिंतीला लालसर जांभा (कधी खरा, कधी फायबरचा), एसीच्या खाली मंगलोरी कौलांचं लटकं छप्पर, वर टांगलेले कंदील, दाराशी कोरीव लाकडी खांब. डिझायनर मंडळींच्या भाषेत 'नॅचरल मटेरियल'. सुरमई तव्यावरून ताटात येईपर्यंत या वस्तूंकडे बघत बसायची मला खोड आहे. त्यातला बराचसा 'किनारा' एक तर आपल्याच जिल्ह्यातला आहे, नाहीतर भलतीकडून कोकणात आलेला आहे!

जांभ्याचंच घ्या. जांभा म्हटलं की रत्नागिरी डोळ्यांसमोर येते, आणि ते बरोबरच आहे. पण पाचगणीचं टेबललँड म्हणजे जांभ्याचाच सपाट माथा. कास पठारही जांभ्याचं. महाबळेश्वर समुद्रसपाटीपासून सुमारे साडेचार हजार फुटांवर, तिथेही तेच. आपला काळा बेसॉल्ट लाखो वर्षं पावसात कुजत गेला, त्यातला विरघळणारा भाग वाहून गेला आणि लोह-अ‍ॅल्युमिनियमचा लाल सांगाडा मागे राहिला, तो हा दगड. फ्रान्सिस बुकॅनन नावाचा डॉक्टर मलबारात फिरताना याच्या प्रेमात पडला. जमिनीत असताना हा कुऱ्हाडीसारख्या हत्याराने कापता येतो आणि वाऱ्यावर ठेवला की कडक होतो, हे पाहून त्याने 1807 च्या पुस्तकात त्याला 'लॅटराइट' म्हटलं. लॅटिनमध्ये 'लेटर' म्हणजे वीट. आपल्याकडचा चिरेखाणीवरचा माणूस त्याला नुसतं 'चिरा' म्हणतो, आणि तेच जास्त नेमकं वाटतं मला. 1828 च्या आसपास गव्हर्नर माल्कम आणि साताऱ्याचे प्रतापसिंह महाराज यांच्या काळात महाबळेश्वरची वस्ती उभी राहिली, तेव्हा साहेबांच्या बंगल्यांना हाच दगड लागला. म्हणजे सातारकर हॉटेलवाल्याने जांभा लावला तर त्याला कोकणाची नक्कल म्हणायचं काही कारण नाही. फायबरचा लावला तर मात्र आहे. खरा जांभा भोकाभोकांचा असतो, पाणी पितो, पावसाळ्यात काळवंडतो, त्यावर शेवाळ धरतं. फायबरला यातलं काहीच जमत नाही.

आता कौल. मंगलोरी कौल हे कोकणी घराचं अगदी बोधचिन्ह झालंय. पण ते कारखान्याचं बाळ आहे. बासेल मिशनच्या जर्मन-स्विस मिशनऱ्यांनी 1865 मध्ये मंगळूरला कौलांचा कारखाना काढला. एकमेकांत अडकणाऱ्या कौलांची ही युक्ती युरोपातली. त्याआधी कोकणात काय, देशावर काय, गवताचं छप्पर किंवा कुंभाराच्या हातची नळीची कौलं. ती वाऱ्याने, माकडांनी सरकायची, दर उन्हाळ्यात शाकारणी आलीच. नवं कौल खाचेत बसायचं, त्यामुळे कमी कौलांत आणि हलक्या लाकडावर छप्पर निभायचं. जहाजांनी ते बंदराबंदरांत पोचलं, रेल्वेने देशावर. आज ज्याला आपण 'परंपरा' म्हणून फोटो काढतो, ते त्या काळचं हाय-टेक होतं. एसी हॉलच्या स्लॅबखाली लावलेल्या कौलांवर मात्र पाऊस कधीच पडत नाही. बिचारी बिनकामाची.

कंदिलाची गोष्ट तर मला सगळ्यात आवडते. बऱ्याच हॉटेलांत तो कोळ्यांच्या होडीवरचा कंदील म्हणून टांगलेला असतो. इथल्या माणसाने खरं तर कराड स्टेशनच्या बाजूला बोट दाखवायला हवं. तिथे ओगलेवाडी आहे. ओगले बंधूंनी 1916 मध्ये तिथे काचेचा कारखाना उभा केला. मग 'प्रभाकर' कंदील निघाला आणि मराठी घराघरांत गेला. परदेशी कंदिलांच्या बाजारात हे धाडस होतं. पाठीशी औंध संस्थान होतं, ज्याच्या हद्दीत 1910 मध्ये किर्लोस्करवाडीही वसली होती, आता सांगली जिल्ह्यात. एवढंसं संस्थान आणि केवढा उद्योग! ओगल्यांचा कारखाना पुढे बंद पडला. वाडीला नाव तेवढं राहिलं.

राहिले खांब. इथे मात्र गंमत संपते.

सांगलीत माझा एक मित्र माशांचं हॉटेल काढतोय. नोकरी सोडून, घरचे पैसे घालून. एक वाडा पाडायला निघालाय, त्याचे चार सागवानी सुरूचे खांब मिळतायत, घेऊ का, असं त्याने विचारलं. मी विचारलं, तळखडे मिळतायत का? त्याला तळखडा म्हणजे काय ते माहीत नव्हतं. वाड्यातला लाकडी खांब कधी मातीत पुरत नाहीत. तो घडीव दगडावर उभा करतात, म्हणजे ओल आणि वाळवी वर चढत नाही. तो दगड म्हणजे तळखडा. खांबावर तुळया, तुळयांवर माडी. हॉटेलात तोच खांब पीओपीच्या छताला नुसता टेकलेला असतो, अंगावर काडीचा भार नाही.

वाडे पडतात त्याला मालकांना शिव्या देणं सोपं आहे. पण 11 डिसेंबर 1967 च्या कोयना भूकंपात दगडमातीच्या भिंतींनी माणसं गाडली, आणि 2005, 2019 च्या महापुरात सांगलीत मातीच्या भिंती किती वेळ टिकल्या ते तिथल्यांना विचारा. वारस दहा, दुरुस्तीचा खर्च एकाच्या माथी. त्यामुळे जळणात जाण्यापेक्षा खांब हॉटेलात गेलेला बरा, असं मी त्याला सांगितलं. फक्त त्याला काम दे. पुढे एक सोपा काढ, त्याचं छप्पर या खांबांवर घे, खाली तळखडे बसव. सोपा म्हणजे कोकणातली पडवी, घाटाच्या दोन बाजूंची दोन नावं. आलेला माणूस आधी तिथे टेकायचा, पाणी प्यायचा, मग आत. दार ओलांडायच्या आधीच पाहुणचार सुरू. टेबलासाठी थांबलेल्या गिऱ्हाइकाला यापेक्षा काय पाहिजे? डिझायनरला हे फारसं रुचलेलं नाही, तीन टेबलं कमी होतात म्हणे. तीन टेबलांचा हिशोब खोटा नाही, पहिलं वर्ष कठीणच असणार. पण दारात उन्हात ताटकळून परत जाणाऱ्या कुटुंबाचाही हिशोब मांड म्हटलं.

किनाऱ्यावरून खरोखर घाट चढून आलेली एक वस्तू बघायची असेल तर वाईजवळ मेणवलीला जा. 'स्वदेस' (2004) मुळे गाव बऱ्याच जणांनी पडद्यावर पाहिलंय. कृष्णेकाठी नाना फडणवीसांचा वाडा आहे, खाली दगडी घाट आहे, आणि मेणेश्वराजवळ छोट्याशा घुमटीत एक पोर्तुगीज घंटा आहे. चिमाजी अप्पांनी 1739 मध्ये वसई जिंकली, तिथल्या चर्चची ही घंटा असं मानतात. तिच्यावर 1707 साल आहे, आणि बाळ येशूला घेतलेली मेरी.