दुनळी बंदूक, इंग्लिश : संग्रह

साधारण 1870 ते 1939 या काळात लंडन व बर्मिंगहॅम येथे हाताने घडवलेल्या दोन नळ्यांच्या छऱ्याच्या बंदुका आणि रायफली जमवण्याचा छंद व त्याभोवतीचा व्यवहार. लंडनचे पर्डी (स्थापना 1814), हॉलंड अँड हॉलंड (1835) व बॉस, बर्मिंगहॅमचे वेस्टली रिचर्ड्स (1812) आणि डब्लिनहून लंडनला आलेले रिग्बी ही यातली मातब्बर घराणी. बंदुकीचे माप ‘बोअर’मध्ये सांगतात. एक पौंड शिशाच्या बारा सारख्या गोळ्या पाडल्या, तर त्यातली एक ज्या नळीत नेमकी बसेल ती बारा बोअर.

ठासणीच्या बंदुकीकडून मोडून भरायच्या बंदुकीकडे इंग्रज कारागीर वळले ते 1851 च्या लंडनच्या महाप्रदर्शनात फ्रेंच नमुना पाहिल्यानंतर. पुढच्या अर्धशतकात बहुतेक सुधारणा झाल्या. नळ्या बंद करणारा पर्डीचा बोल्ट 1863 चा. वेस्टली रिचर्ड्सकडच्या ॲन्सन आणि डीली यांनी 1875 मध्ये घोडे बाहेरून काढून आत, पेटीसारख्या पोलादी सांगाड्यात बसवले, हे बॉक्सलॉक. ज्या बंदुकीचे खटके दोन्ही बाजूंच्या पाट्यांवर असतात ती साइडलॉक. फ्रेडरिक बीझली याने 1880 मध्ये कमानीच्या जोरावर आपोआप उघडणारी रचना शोधली आणि पर्डीला विकली. पर्डीची शेजारी-शेजारी नळ्यांची साइडलॉक आजही त्याच रचनेवर बनते. साइडलॉकला भाव जास्त मिळतो, त्यामागे कोरीव कामाला मिळणारी मोठी जागा आणि प्रतिष्ठा बरीच आहे. वापरात चांगली बॉक्सलॉक तसूभरही कमी नसते.

बंदुकीचा खरा भाव नळ्यांच्या आत असतो. नक्षी आणि अक्रोडाचा दस्ता पाहून भुलणारे गिऱ्हाईक हमखास फसते. जुन्या काडतुसांच्या दारूने नळी आतून गंजते, खड्डे पडतात. ते घासून काढले की नळी आरशासारखी दिसते, पण पत्रा पातळ झालेला असतो. म्हणून जाणकार मोजमापाची उपकरणे घेऊनच जातो. जाडी इंचाच्या वीस सहस्रांशांखाली गेली असेल तर तो सहसा हात आखडता घेतो. मग नळ्या सुट्या करून बोटाला टांगतो आणि नखाने टिचकी मारतो. घंटेसारखा नाद निघाला तर डाख शाबूत; बद्द आवाज आला तर दोन नळ्यांमधली पट्टी कुठेतरी सुटली आहे. नळ्यांच्या बुडाशी सपाट भागावर लंडन किंवा बर्मिंगहॅमच्या चाचणीगृहाचे ठसे असतात. चाचणीनंतर नळीचा व्यास ठरावीक मर्यादेपलीकडे वाढलेली बंदूक ब्रिटनमध्ये विकणे 1868 च्या कायद्यानुसार गुन्हा आहे. जुन्या बुडात नव्या नळ्या बसवल्या असतील तर तसा ठसा मारावाच लागतो. अशी बंदूक शिकारीला उत्तम, संग्रहाला दुय्यम.

लोखंड व पोलादाच्या पट्ट्या पिळून, ठोकून केलेल्या दमास्कस नळ्यांवर लाकडाच्या रेषांसारखी नक्षी दिसते. त्या मुळात काळ्या दारूसाठी होत्या. धूरविरहित दारूची चाचणी उत्तीर्ण झाल्याचा ठसा नसेल, तर त्यांत आजचे काडतूस घालणे हा जिवाशी खेळ आहे.

दुनळी रायफलीचे अवघड काम जुळवणीचे. दोन्ही नळ्यांच्या गोळ्या ठरलेल्या अंतरावर एकाच जागी पडाव्यात म्हणून कारागीर प्रत्यक्ष बार काढून पाहतो, तोंडाशी असलेली पाचर सरकवतो, डाख पुन्हा लावतो. ही जुळवणी एकाच वजनाच्या गोळीला आणि दारूला लागू पडते. उष्ण हवेत दाब वाढतो, म्हणून हिंदुस्थानसाठी कमी दारूची काडतुसे निघत. रिग्बीचे .450 नायट्रो एक्स्प्रेस हे काडतूस 1898 चे. चोरीच्या मार्टिनी-हेन्री रायफलींना त्याची गोळी उपयोगी पडेल या भीतीने सरकारने हिंदुस्थानात व सुदानमध्ये त्या व्यासावर बंदी घातली. त्या तडाख्यातून सुटण्यासाठीच हॉलंडने 1907 मध्ये .500/465 काढली. त्याआधीचे हॉलंडचे ‘पॅरडॉक्स’ तर हिंदुस्थानी जंगलांसाठीच जणू केलेले: फक्त तोंडापाशी आटे असलेली, छरे आणि गोळी दोन्ही मारणारी बंदूक. तिचे 1885 चे पेटंट हिंदुस्थानात नोकरी केलेल्या फॉसबेरी या लष्करी अधिकाऱ्याचे. संस्थानिक हे या कारखान्यांचे मोठे गिऱ्हाईक. कोल्हापूरच्या न्यू पॅलेसमधील संग्रहालयात छत्रपती घराण्याची शस्त्रे आणि शिकारीच्या वस्तू पाहता येतात.

बंदुकीचा क्रमांक कारखान्याच्या वहीत सापडला, तर मूळ मालक, साल आणि नळ्यांची लांबी कळते. एकसारख्या दोन बंदुकांची, विकताना फुटलेली जोडी पुन्हा एकत्र आली की किंमत दोन सुट्यांच्या बेरजेपेक्षा जास्त होते. प्रसिद्ध मालकाचे नाव किंमत कुठल्या कुठे नेते, मात्र नुसत्या ऐकीव कथेला कवडीचीही किंमत देऊ नये. उदाहरणार्थ, शिकारी जिम कॉर्बेट यांना चंपावतची नरभक्षक वाघीण मारल्याबद्दल 1907 मध्ये मिळालेली रिग्बी एकनळी, .275 बोल्टची, तिच्यावर तसा मजकूर कोरलेला आहे.

भारतात 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर शिकार संपली, बंदुका घराघरांत राहिल्या. वय कितीही असो, चालू स्थितीतल्या दुनळीला परवाना लागतो. 2019 च्या दुरुस्तीनुसार, काही अपवाद वगळता, एका व्यक्तीला दोनच बंदुका ठेवता येतात, वारशाने आलेल्याही त्यात धरून.