बिऱ्हाडकरूचें संरक्षण

१८८२ सालच्या मालमत्ता हस्तांतरणाच्या कायद्यान्वयें दरमहा भाड्यानें राहणाऱ्या बिऱ्हाडकरूस घराबाहेर काढण्यास पंधरा दिवसांची नोटीस पुरे होई. कारण सांगण्याची आवश्यकता नव्हती. भाडें वेळच्या वेळीं देणाऱ्या कुटुंबासही हाच न्याय!

पहिल्या महायुद्धांत मुंबईंत जागेची टंचाई झाली, तेव्हां १९१८ सालीं भाडेवाढीस आळा घालणारा कायदा झाला. तो तात्पुरता होता. पुढें १९३९ व १९४४ सालीं तसेच कायदे झाले आणि अखेर १९४७ चा मुंबई भाडेनियंत्रण कायदा आला. भाडें गोठविणारा कायदा अशीच त्याची ख्याति झाली. माझ्या मतें त्याचा प्राण निराळा होता. नुसतें भाडें बांधून काय होणार? ‘जागा सोडा’ म्हणण्याची मोकळीक मालकास राहिली, तर भाडेकरू भीतीपोटीं जास्त पैसे मुकाट्यानें मोजील. म्हणून बाराव्या कलमानें ठरविलें कीं, जो प्रमाण भाडें देतो वा देण्यास तयार आहे, त्याच्याकडून, कांहीं ठराविक कारणें वगळतां, मालकास ताबा मागतां येणार नाहीं. मालकास स्वतःकरितां जागा हवी असेल तर? ती गरज खरी व वाजवी असल्याचें त्यानें कोर्टांत सिद्ध करावें. आणि तेवढ्यानें न भागतां, ताबा दिल्यानें वा नाकारल्यानें कोणाची अडचण अधिक होईल, हें न्यायाधीशानें तोलून पाहावें.

चूक झाली ती तारखेंत. प्रमाण भाडें सामान्यतः १ सप्टेंबर १९४० च्या भाड्यावर बांधलें गेलें, आणि कर वगैरेंची वाढ सोडल्यास तेथेंच राहिलें. मालकांनीं दुरुस्तीकडे पाठ फिरविली. जुन्या चाळींना टेकू लागले. पागडी अठराव्या कलमानें गुन्हा ठरली होती, तरी पावतीवांचून हातोहात फिरत राहिली. (पुष्कळ श्रोत्यांच्या घरीं ती कथा ठाऊक असेल.) १९६९ सालीं दुरुस्ती मंडळाचा कायदा करावा लागला; १९९७ च्या डिसेंबरांत सर्वोच्च न्यायालयानें हीं गोठलेलीं भाडीं अवाजवी ठरविलीं.

१९९९ चा महाराष्ट्र भाडेनियंत्रण कायदा ३१ मार्च २००० पासून अमलांत आला. त्यानें सालीना ४ टक्के वाढ दिली, पागडी कायदेशीर केली आणि अडचण तोलण्याचें तत्त्व कायम ठेवलें. पण तें भाडेकरूपुरतें. आज शहरांत नवा संसार मांडणारें जोडपें बहुधा अकरा महिन्यांच्या ‘लीव्ह अँड लायसन्स’ करारावर राहतें. कायद्याच्या भाषेंत तें भाडेकरू नव्हेच. अडचण कोणाची अधिक, हा प्रश्न तेथें निघत नाहीं. मुदत संपल्यावर जागा न सोडल्यास चोविसाव्या कलमान्वयें ठरलेल्या आकाराच्या दुप्पट रक्कम भरावी लागते.