सेकंदकाट्याचे स्थान

आमच्या सिल्वासात लग्नमुहूर्त समीप आला की मंडपात एकाच वेळी पाच-सात मनगटे वर होतात. अंतरपाट धरलेला असतो, शेवटचे मंगलाष्टक चाललेले असते, आणि कोणाचे घड्याळ खरे यावर हलक्या आवाजात वाद रंगतो. हल्ली प्रत्येकाच्या खिशात भ्रमणध्वनी असतो. तरीही या प्रसंगासाठी आजोबांचे चावीचे घड्याळ पेटीतून काढणारी कुटुंबे अद्याप आहेत. अशा जुन्या घड्याळांत दोन जाती आढळतात. एकीत सेकंदाचा काटा सहाच्या आकड्याच्या जागी, स्वतःच्या लहानशा वर्तुळात फिरतो. दुसरीत तो तबकडीच्या मध्यातून निघून तास-मिनिटांच्या काट्यांवरून सबंध तबकडी झाडीत जातो. ‘मधल्या काट्याचे घड्याळ अधिक अचूक’ असे एक पक्ष म्हणतो, तर ‘लहान काट्याचे घड्याळ अधिक घरंदाज’ असे दुसरा. दोन्ही मते ऐकीव आहेत. या काट्याने आपले स्थान का बदलले हे पाहिले म्हणजे वादाचे स्वरूप पालटते.

प्रथम यंत्राचा विचार करू. चावी दिलेल्या स्प्रिंगची शक्ती एकामागून एक चार चक्रांतून टिकटिक घडविणाऱ्या चक्रापर्यंत पोचते. जुन्या रचनेत यांतील पहिले मोठे चक्र स्प्रिंगच्या डबीवर असते; दुसरे, म्हणजे मधले, तासाला एक फेरा करते आणि मिनिटकाटा चालविते; चौथे मिनिटाला एक फेरा करते. हे चौथे चक्र मध्याच्या एका अंगास असते. त्याचा आस थोडा लांब करून तबकडीतून बाहेर काढला आणि त्यावर काटा बसविला की सेकंदाचा काटा तयार. एकही जादा भाग लागत नाही. म्हणजे लहान काट्याचे स्थान कोणा कारागिराने सौंदर्यासाठी निवडलेले नाही; चक्रांच्या मांडणीने ते आपोआप नेमून दिले. खिशातील उघड्या घड्याळात चावी बाराच्या बाजूस आणि काटा सहाच्या बाजूस येई. तेच यंत्र मनगटी पेटीत चावी तीनकडे वळवून बसविले, तर सेकंदाचे वर्तुळ नऊच्या जागी जाई. झाकणाच्या घड्याळाचे यंत्र मात्र मुळातच चावी तीनकडे आणि काटा सहाकडे अशा बेताने आखलेले असे, म्हणून मनगटासाठी तेच सोयीचे ठरले. सहाचा आकडा या वर्तुळाखाली अर्धामुर्धा किंवा पुरता गिळला जाई, त्याचे मात्र कोणास फारसे वाईट वाटले नाही.

मध्यातून काटा काढावयाचा तर खटाटोप आहे. मधल्या चक्राचा आस पोकळ करावयाचा, त्यातून सेकंदकाट्याचा बारीक आस वर आणावयाचा, आणि तिसऱ्या चक्राच्या आसावर आणखी एक चक्र चढवून त्याच्याकडून हा आस फिरवून घ्यावयाचा. हे फिरणारे चाक शक्तीच्या मुख्य वाटेवर नसते, ते आडवाटेचे असते. त्यामुळे दात्यांमधील सूक्ष्म मोकळीक काट्याच्या टोकाशी थरथर होऊन दिसते. ती थांबविण्यासाठी एक पातळ स्प्रिंग त्यावर दाबून ठेवतात. दाब कमी पडला तर काटा कापतो. अधिक झाला तर घड्याळाचा जोर खातो. पुढे काही कारखान्यांनी चौथे चक्रच मध्यभागी आणून ही अडचण मुळातून दूर केली, परंतु ते फार उशिरा. म्हणून मधल्या काट्याचे घड्याळ अधिक अचूक, हे म्हणणे यंत्राच्या दृष्टीने टिकत नाही. समुद्रावर रेखांश काढण्यासाठी जहाजांवर वापरली जाणारी पेटीतील घड्याळे ही आपल्या काळची सर्वांत विश्वासू चावीची घड्याळे होत, आणि त्यांच्या तबकडीवर सेकंदाचे वर्तुळ निराळेच असे. मुंबईत कुलाब्याची वेधशाळा १८२६ साली उभी राहिली तीही खगोलवेधांसाठी आणि जहाजांना कालज्ञान देण्यासाठी.

मग मधला काटा कोणास हवा होता? ज्यांना सेकंद नुसता पाहावयाचा नव्हता, मोजावयाचा होता, त्यांना. इंग्लंडातील वैद्य सर जॉन फ्लॉयर याने १७०७ साली नाडी मोजण्याच्या घड्याळावर ग्रंथच प्रसिद्ध केला. जॉन हॅरिसन याचे १७५९ सालचे प्रसिद्ध समुद्री घड्याळही मधल्या काट्याचे होते. कारण साध्या गणिताने कळते. मधला काटा १४ मिलिमीटर लांब असेल तर त्याचे टोक मिनिटाला सुमारे ८८ मिलिमीटर चालते; लहान वर्तुळातील साडेतीन मिलिमीटरच्या काट्याचे टोक अवघे २२. रोग्याच्या उशाशी मंद दिव्यात बसलेल्या डॉक्टरला यांतील कोणता काटा सोयीचा, हे सांगावयास नको. पणजीस १८४२ साली वैद्यकशाळा निघाली, मुंबईत १८४५ साली ग्रँट मेडिकल कॉलेज. तेथून बाहेर पडलेल्या डॉक्टरांना मिनिटातील ठोके मोजणे हा नित्याचाच व्यवहार झाला.

आपल्या वैद्यांचे नाडीज्ञान निराळे होते. वाताची नाडी सर्पासारखी, पित्ताची बेडकासारखी, कफाची हंसासारखी. त्यांना चाल पाहावयाची होती, संख्या नव्हे. म्हणून त्यांना काट्याची गरज भासली नाही. गंमत अशी की ‘नाडी’ हाच शब्द आपल्या ज्योतिषात घटिकेसही आहे. मनगटातील नाडी आणि दिवसाचा साठावा भाग, दोहोंस एकच नाव.

दुसरे गिऱ्हाईक म्हणजे सैन्य. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेच्या वायुदलासाठी घडविलेल्या ए-११ जातीच्या घड्याळात काटा मध्यातून निघे आणि चावी ओढताच जागच्या जागी थांबे. त्यामुळे साऱ्या वैमानिकांना आपली घड्याळे एका क्षणावर जुळविता येत. त्याच युद्धाच्या अखेरीस ब्रिटिश सरकारने बारा कारखान्यांकडून पायदळासाठी जी जलरोधक मनगटी घड्याळे करवून घेतली, त्या सर्वांत मात्र लहान काटा सहाच्या जागी होता. विमानातील माणसास सेकंद जोडून घ्यावयाचा होता. खंदकातील शिपायास तो हलतो आहे, घड्याळ बंद पडलेले नाही, एवढेच कळणे पुरेसे होते. माझ्या मते सगळ्या वादाचे बीज या एका भेदात आहे.

स्विस घड्याळांचा हिंदुस्थानातील व्यापार मुख्यतः मुंबईत वाढला. फाव्र-ल्युबा या पेढीचा येथील व्यवहार १८६५ पासूनचा, तर वेस्ट एंड वॉच कंपनी १८८६ पासूनची. तिचे ‘सोवार प्रायमा’ हे नाव आपला ‘स्वार’ शब्द घेऊन घरोघर गेले. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या दशकात मधल्या काट्याची चलती झाली. बंगळूरला १९६१ साली जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्याने एच. एम. टी. चा घड्याळ कारखाना निघाला. त्याच्या काही घड्याळांच्या तबकड्यांवर देवनागरी अंक आले आणि आपल्या पंचांगातील आकडे मनगटावर दिसू लागले.

आता मुहूर्ताचा प्रश्न. पूर्वी लग्नघरी घटिकास्थापना होई. तळास सूक्ष्म छिद्र असलेले तांब्याचे पात्र पाण्यावर सोडीत. ते बुडाले की एक घटिका, म्हणजे २४ मिनिटे, झाली. असे पात्र अहोरात्रात साठ वेळा बुडते असे सूर्यसिद्धान्तात सांगितले आहे. घटिकेची साठ पळे, पळाची साठ विपळे. पळ २४ सेकंदांचे, विपळ दोन-पंचमांश सेकंदाचे. प्राण, म्हणजे स्वस्थ माणसाचा एक श्वासोच्छ्वास, चार सेकंदांचा. आणि दहा गुरू अक्षरांच्या उच्चाराचा एक प्राण, असे मान आहे. म्हणजे एक गुरू अक्षर बरोबर एक विपळ. जुनी चावीची घड्याळे बहुधा तासाला १८,००० टिकटिकी करतात, सेकंदाला पाच. तेव्हा दोन टिकटिकी म्हणजे एक विपळ, म्हणजेच एक गुरू अक्षर. स्विस कारागिरांना हे ठाऊक असण्याचे कारण नाही, परंतु घड्याळ कानाशी धरून मंगलाष्टक म्हणणाऱ्यास हा मेळ ऐकू येईल.

परंतु एवढ्यावरून मुहूर्ताला सेकंद लागतो असे समजू नये. मुहूर्त सूर्यावर आणि स्थळावर अवलंबून असतो, आणि मनगटावरील वेळ सरकारी असते. भारतीय प्रमाणवेळ १९०६ पासून साडेब्याऐंशी अंश रेखांशाची आहे; सिल्वासा त्र्याहत्तराव्या अंशाजवळ. अंशास चार मिनिटे या हिशेबाने आमची खरी स्थानिक वेळ घड्याळाच्या ३८ मिनिटे मागे आहे. मुंबईने आपली ३९ मिनिटे मागे असलेली निराळी वेळ १९५५ पर्यंत हट्टाने जपली होती. सिल्वासा २ ऑगस्ट १९५४ रोजी पोर्तुगीज अमलातून मुक्त झाले, तेव्हा शेजारच्या त्या महानगरात अजून दोन वेळांचा संसार चालूच होता. त्या काळच्या माणसांना ‘कोणती वेळ?’ असे विचारण्याची सवय होती. आपण ती घालविली.

याचा परिणाम देवळात दिसतो. रामनवमीस मध्यान्ही रामजन्म होतो. कित्येक मंदिरांत घड्याळात बारा वाजताच, सेकंदाच्या काट्यावर डोळा ठेवून, पाळण्याची दोरी ओढली जाते. सिल्वासात त्या दिवसांत सूर्य माथ्यावर येतो तो १२-४० च्या आसपास. पणजी आमच्यापेक्षा किंचित पूर्वेस, म्हणून तेथे तो तीन मिनिटांहून थोडा आधी येतो. पाळणा चाळीस मिनिटे आधी हलवावयाचा आणि सेकंदाविषयी तंटा करावयाचा, हे मला तरी उमगत नाही. काही मंदिरांत पंचांगातील स्थानिक मध्यान्ह पाहून जन्मकाळ साजरा करतात. तोच मार्ग शास्त्राला धरून आहे, आणि त्यासाठी मिनिटकाटा पुरतो.

माझे मत विचाराल तर देवघरात आणि पुरोहिताच्या हाती लहान काट्याचे घड्याळ शोभते. त्यात तास, मिनिट आणि सेकंद आपापल्या मर्यादेत राहतात, जशी घटिका, पळ आणि विपळ राहतात; सर्वांत चंचल काटा सर्वांच्या डोक्यावरून धावत नाही. डॉक्टर, परिचारिका आणि धावण्याच्या शर्यतीचे पंच यांनी मधला काटा खुशाल पत्करावा. ज्याला नुसता सुबक देखावा हवा त्याच्याशी माझे भांडण नाही. मात्र मधल्या काट्याने सहाचा आकडा मोकळा केला, हे त्याचे श्रेय नाकारून चालणार नाही. देवनागरी तबकडीवर पुरता ६ पाहून कोणास आनंद होणार नाही?

केंद्र सरकारने २०१६ च्या जानेवारीत एच. एम. टी. चा घड्याळ व्यवसाय बंद करण्यास मान्यता दिली. आता जी चावीची घड्याळे घरोघर उरली आहेत ती दुरुस्त करणारे हात थोडे आहेत. अशा घड्याळजीकडे जाताना एक परीक्षा आपणच करून पाहावी. घड्याळ सपाट ठेवून मधल्या काट्याच्या टोकाकडे मिनिटभर पाहावे. टोक अडखळत, कापत पुढे सरकत असेल आणि वेळ मात्र बरोबर राहत असेल, तर बिघाड बहुधा त्या पातळ दाबाच्या स्प्रिंगचा असतो. साफसफाई आणि स्प्रिंगची जुळणी एवढ्यावर काम भागते, यंत्र बदलण्याचे कारण नसते. लहान काट्यात हा दोष संभवत नाही. तो थांबला तर घड्याळच थांबलेले असते, किंवा काटा आसावर सैल झालेला असतो, आणि तो पुन्हा दाबून बसविण्यास घड्याळजीला दोन पळेही लागत नाहीत.