लेण्यांवरची नावे : दाता ते प्रेक्षक

१/५ कलेचा इतिहास म्हटला की आपण राजांची नावे शोधतो. खानदेशाच्या दक्षिण सीमेवरील सातमाळा-अजिंठा डोंगररांगेत मात्र सामान्यांचीही नावे कोरलेली आहेत.

२/५ चाळीसगावजवळच्या पितळखोऱ्यात पैठणच्या मितदेव या गांधिकाचे, म्हणजे सुगंधी द्रव्ये विकणाऱ्याचे, दान खांबावर नोंदलेले आहे. तेथील यक्षमूर्तीवर ती घडवणाऱ्या कण्हदास सोनाराचे नाव आहे. इसवी सनापूर्वीच्या त्या काळात लोक कलेचे दातेही होते आणि कर्तेही.

३/५ पाचव्या शतकात सूत्रे सत्ताधाऱ्यांकडे गेली. अजिंठ्याचे लेणे क्र. १६ वाकाटक नृपती हरिषेणाचा मंत्री वराहदेव याने करवले.

४/५ २८ एप्रिल १८१९ रोजी ब्रिटिश अधिकारी जॉन स्मिथ लेणे क्र. १० मध्ये शिरला आणि चित्रावरच त्याने आपले नाव कोरले. त्याच लेण्याच्या दर्शनी भागावर वासिठीपुत कटहादि या दात्याचे नाव सुमारे दोन हजार वर्षांपासून आहे. एकाने लेण्यात भर घातली, दुसऱ्याने ओरखडा काढला.

५/५ जळगावहून अजिंठ्याला जाणारे आपण आता प्रेक्षक आहोत. आपल्या श्वासातील ओलावाही या चित्रांना बाधतो. म्हणून तेथे मागे काहीही न ठेवता परतणे, हेच आपल्या पिढीचे दान.